खुर्ची उलटी करून पाहा

आमच्या गच्चीवरच्या पहिल्या खुर्च्यांनी जेमतेम दोन पावसाळे काढले. चार खुर्च्या आणि एक गोल टेबल. दुकानातल्या थंडगार हवेत, पिवळ्या दिव्यांखाली तो सेट असा काही झळकत होता की आम्ही किंमतीची घासाघीससुद्धा केली नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर फरशीवर तांबूस वर्तुळं उमटली, प्रत्येक पायाखाली एक. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिवाळीत मेव्हणे आले, चहाचा कप घेऊन टेकले आणि मागचा एक पाय कुरकुरीत चकलीसारखा मोडला. मेव्हण्यांना सुदैवाने काही झालं नाही. कप गेला.

ती खुर्ची मी उलटी केली तेव्हा खरा प्रकार कळला. पायाच्या टोकाला प्लास्टिकचं बूच बसवलं होतं. ते उपटलं तर आतून लाल पाणी आणि गंजाचे पापुद्रे बाहेर पडले. बैठकीच्या स्क्रूच्या भोकातून पावसाचं पाणी नळीत उतरत होतं आणि खाली बूच असल्यामुळे तिथेच साठत होतं. वरचा रंग मात्र शेवटपर्यंत शाबूत होता. खुर्ची आतून सडली आणि बाहेरून हसत राहिली.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. बाहेर ठेवायची कुठलीही खुर्ची दिसली की मी ती आधी उलटी करून पाहतो. या खोडीमुळे जगभर नावाजलेल्या खुर्च्यांकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. पुरस्कार मिळवलेल्या, संग्रहालयांत गेलेल्या या खुर्च्यांची छायाचित्रं पाहताना आपण आकारावर भुलतो. पण बाहेर बसायच्या उत्तम खुर्चीचा आकार बहुतेक वेळा ऊन, पाऊस, वारा किंवा खाऱ्या हवेला दिलेलं उत्तर असतो. त्या खुर्च्या विकत घ्या असं मी म्हणणार नाही. एकेकीची किंमत ऐकून आपण उभं राहणंच पसंत करू. पण त्यांतलं उत्तर फुकट घेता येतं.

गाजलेल्या खुर्च्या कुठला प्रश्न सोडवतात?

१९३९ साली झ्युरिकमध्ये तलावाकाठी स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं. तिथे उघड्यावर मांडण्यासाठी हान्स कोराय यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ‘लांडी’ खुर्ची केली. तिच्या बैठकीला आणि पाठीला मिळून ९१ गोल भोकं आहेत. वाटतं, नक्षी असेल. पण भोकांमुळे पत्रा हलका झाला आणि पावसाचं पाणी बैठकीवर न साचता खाली गळून गेलं. खुर्ची साधारण तीन किलोची, एकीवर एक रचता येणारी. पुढे आलेल्या कितीतरी बाहेरच्या खुर्च्यांचं मूळ तिच्यात सापडतं.

अमेरिकेतली गोष्ट आणखी बोलकी आहे. नोल या प्रसिद्ध फर्निचर कंपनीच्या फ्लॉरेन्स नोल फ्लोरिडात राहायला गेल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यांचं बाहेरचं फर्निचर टिकेना. फर्निचर कंपनी चालवणारीच्या घरी ही गत! त्यांनी रिचर्ड शुल्त्झ या डिझायनरला सांगितलं, खाऱ्या हवेत टिकेल असं काहीतरी कर. शुल्त्झनी ॲल्युमिनियमची चौकट घेतली आणि गादीऐवजी तिच्यात कृत्रिम धाग्याची ताणलेली जाळी बसवली. १९६६ साली आलेली ही मालिका आज त्याच सालाच्या नावाने ओळखली जाते. फोम नाही, त्यामुळे भिजून जड व्हायला काही नाही. जाळीतून वारा खेळतो आणि पाणी निथळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. आपल्या बाजेचं तत्त्व हेच. सुंभाचं किंवा नवारीचं विणकाम, चौकट हलकी, रात्री अंगणात टाकायची आणि सकाळी भिंतीला उभी करायची.

याच शुल्त्झनी १९६० मध्ये ‘पेटल’ टेबल केलं होतं. त्याचा माथा फुलासारखा आठ पाकळ्यांचा. प्रत्येक पाकळी खालच्या सांगाड्याला वेगळी जोडलेली आणि दोन पाकळ्यांमध्ये फट. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सलग फळी असती तर ती वाकली किंवा तडकली असती. इथे प्रत्येक पाकळीला अंग पसरायला जागा आहे.

फ्रान्समधल्या खुर्च्या जागेच्या प्रश्नातून जन्मल्या. कॅफेबाहेरच्या पदपथावर झटकन मांडायची आणि झटकन मिटायची अशी घडीची ‘बिस्त्रो’ खुर्ची १८८९ सालची. आजही ती बनते, आणि चार फुटी बाल्कनीला तिच्याइतकी सोयीची वस्तू सापडणं कठीण. पॅरिसच्या बागांमधली ‘लक्झेंबर्ग’ खुर्ची १९२३ च्या सुमाराची, तेव्हा पोलादी. या शतकाच्या सुरुवातीला फ्रेदेरिक सोफिया यांनी फेर्मोब कंपनीसाठी ती ॲल्युमिनियममध्ये नव्याने घडवली. कुणीही एका हाताने उचलून सावलीत नेऊ शकेल इतकी हलकी झाली.

उलट, रोनान आणि एरवान बुरुलेक या भावांनी डेन्मार्कच्या ‘हे’ (HAY) कंपनीसाठी केलेली ‘पालिसाद’ मालिका मुद्दाम पोलादी आहे, आणि चांगली वजनदार आहे. पट्ट्यांमधून पाणी वाहून जातं, वाऱ्याने खुर्ची हलत नाही. कोन्स्टांटिन ग्रचिच यांची ‘चेअर वन’ ओतीव ॲल्युमिनियमच्या त्रिकोणी जाळीची; सार्वजनिक जागांसाठी तिला काँक्रीटचा पायही मिळतो. त्यांच्याच ‘मायटो’ या एकसंध प्लास्टिकच्या खुर्चीला २०११ मध्ये इटलीचा ‘कोम्पासो दोरो’ मिळाला. तिची बैठक आणि पाठही जाळीदारच.

यादी वाढवता येईल, पण एक गोष्ट एव्हाना लक्षात आली असेल. भोकं, जाळी, पट्ट्या, फटी. पाण्याला वाट हवी, हे या सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं आहे.

पुरस्काराचा शिक्का कसा वाचायचा?

हल्ली माहितीपत्रकावर एखादा लाल ठिपका किंवा ‘अमुक डिझाइन अवॉर्ड’ असं छापलेलं दिसतं. तो शिक्का थोडा जपून वाचावा. इटलीचा कोम्पासो दोरो १९५४ मध्ये सुरू झाला आणि त्याचे मानकरी मोजकेच असतात. जर्मनीतले ‘रेड डॉट’ आणि ‘आयएफ’ हे पुरस्कारही १९५० च्या दशकातल्या उपक्रमांतून वाढले. त्यांचे परीक्षक जाणते असतात, पण विजेत्यांची संख्या दरवर्षी मोठी असते, प्रवेशिकेला शुल्क असतं आणि जिंकल्यावर शिक्का वापरण्यासाठी आणखी शुल्क भरावं लागतं. म्हणून पुरस्कार खोटा ठरत नाही. पण जी उत्तम खुर्ची स्पर्धेत उतरलीच नाही तिच्यावर शिक्का नसणार, हे ध्यानात ठेवावं. जपानच्या ‘गुड डिझाइन अवॉर्ड’च्या सहकार्याने आपल्याकडे ‘इंडिया डिझाइन मार्क’ही दिला जातो.

विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. पुरस्कार या खुर्चीला मिळाला की कंपनीच्या दुसऱ्याच वस्तूला? आणि ही मूळ खुर्ची आहे की तिच्यासारखी दिसणारी? नक्कल करणारा चेहऱ्याची नक्कल करतो, पोटाची नाही. आकार तोच, पण ॲल्युमिनियमच्या जागी पातळ लोखंडी नळी आणि खाली तेच प्लास्टिकचं बूच.

आधी जागा ओळखा

बाहेरची जागा म्हणजे सगळीकडे एकच नव्हे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दोघांना एकच खुर्ची सुचवणारा माणूस फक्त विक्रेता असतो.

मुंबई, कोकण, गोवा: खारी हवा हा पहिला शत्रू. समुद्र दिसत असेल तर लोखंड टाळाच. वारा हा दुसरा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा घरांचे पत्रे उडाले. खुर्च्यांची काय कथा. उंच इमारतीत हलकी खुर्ची कठड्यावरून खाली जाणं म्हणजे एखाद्याच्या जिवाशी खेळ. अशा ठिकाणी वजनदार किंवा घडी करून आत नेता येईल असंच सामान ठेवा.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश: इथे ऊन खरं. धातूची गडद बैठक दुपारनंतरही चटका देते, स्वस्त प्लास्टिक ठिसूळ होतं. लाकूड, जाळी किंवा दोरीचं विणकाम बरं. रंग फिकट घ्या.

पुणे, नाशिक, कोल्हापूर: चार महिने पाऊस, बाकीचे महिने बसण्याजोगे. इथे निवडीला वाव सर्वांत जास्त, आणि म्हणून चुकाही जास्त.

आता फूटपट्टी काढा. जेवायच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते, टेबल ७२ ते ७५ सेंटिमीटर. ऐसपैस बसायच्या नव्या धाटणीच्या खुर्च्या ३५-४० सेंटिमीटरवर असतात. त्या छान दिसतात, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना त्यांतून उठायला दोन माणसं लागतात. घरात ज्येष्ठ असतील तर ४५ ची उंची आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात, ही अट सोडू नका. खुर्ची मागे सरकवून उठायला साधारण ६० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. बाल्कनीत हे गणित बसत नसेल तर खुर्च्यांऐवजी भिंतीलगत अरुंद बाक करा. मात्र बाक कठड्याला लावू नका. लहान मूल बाकावर चढलं की कठड्याची उंची त्याच्या कमरेइतकी उरते.

झोपाळ्याची हौस सगळ्यांनाच असते. पण जुन्या घरांत तो जाड तुळईला टांगलेला असे आणि आपल्या बाल्कनीचा स्लॅब पुढे आलेला असतो. हलणाऱ्या माणसाचं वजन स्थिर माणसापेक्षा स्लॅबला जास्त जाणवतं. छताला हूक ठोकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, नाहीतर स्वतःच्या स्टँडवरचा झोपाळा घ्या.

आणि फर्निचर घेतलंच पाहिजे असंही नाही. गोव्याच्या जुन्या घरांच्या दारापुढे बाल्कांव असतो: छपराखाली समोरासमोर बांधलेली दोन पक्की आसनं. आपल्या गावातला वडापिंपळाचा पार हीसुद्धा बाहेरची बैठकच. अंगण स्वतःचं असेल तर बांधीव ओट्याइतकं टिकाऊ काही नाही. त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही.

कशापासून बनवलंय?

ॲल्युमिनियम. गंजून भुगा होत नाही, कारण हवेशी संबंध आला की त्यावर स्वतःचाच एक पातळ थर धरतो. पावडर कोटिंग असेल तर उत्तम. किनाऱ्यावर मात्र एक बारकावा आहे: ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे स्क्रू थेट बसवले तर खाऱ्या ओलाव्यात स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी दिसू लागते. मध्ये नायलॉनचे वॉशर हवेत.

स्टेनलेस स्टील. ‘एसएस आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, ग्रेड विचारा. स्वस्त सामानात बहुधा २०२ असतं. ते बाहेर डागळतं. आतल्या गावांत ३०४ पुरतं. समुद्राजवळ ३१६ हवं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला दाद देत नाही. चुंबक लावून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण २०२ लाही चुंबक फारसं चिकटत नाही. त्यामुळे २०२ आणि ३०४ यांतला फरक त्याने कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

लोखंड, म्हणजे एमएस. मजबूत, स्वस्त, आणि कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल असं. पण नुसत्या रंगावर त्याचं बाहेर भागत नाही. वेल्डिंग पूर्ण झाल्यावर गरम जस्ताचा मुलामा द्यावा आणि मग हवा तर रंग. मुलाम्याचा एक आडफायदा आहे. पूर्ण बंद नळी वितळलेल्या जस्तात बुडवली तर आतल्या वाफेने फुटू शकते, म्हणून नळ्यांना भोकं ठेवावीच लागतात. ती पुढे पाणी बाहेर पडायच्या कामी येतात.

सागवान. याच्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून ते बाहेर टिकतं. गाभ्याचं गडद लाकूड घ्या. बाहेरच्या पांढरट भागाला हे गुण नसतात. उन्हापावसात साग रुपेरी करडा होतो. तो खराब झालेला नसतो. तांबूस रंगच हवा असेल तर दरवर्षी तेल द्यायची तयारी ठेवा. चकचकीत पॉलिश बाहेर टिकत नाही. ते पापुद्रे धरतं आणि पापुद्र्याखाली पाणी अडतं.

वेत आणि बांबू. खरा वेत पावसासाठी नाहीच. पडवीत, छपराखाली शोभतो. बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केली की भुंगा लागत नाही, पण उघड्या पावसात ती औषधं धुपून जातात. दुकानात जो ‘वेत’ मिळतो तो बहुतेक प्लास्टिकचा असतो. त्यातही दोन जाती. पीव्हीसीची पट्टी उन्हात कडक होऊन तुटते; पॉलिइथिलिनची, ऊनरोधक द्रव्यं मिसळलेली पट्टी बराच काळ टिकते. पट्टी बोटांत दुमडून पाहा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर सोडून द्या.

साधी प्लास्टिकची खुर्ची. तिला हसू नका. लग्नाच्या मांडवापासून ग्रामसभेपर्यंत तिनेच आपल्याला बसवलं आहे. एका साच्यातून एकसंध निघणाऱ्या या खुर्चीवर २०१७ मध्ये जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमने खास प्रदर्शन भरवलं होतं. सांधा नाही, स्क्रू नाही, नळी नाही. पाणी अडणार कुठे? फक्त ऊन तिला मारतं. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली की तिच्यावर वजनदार पाहुण्यांना बसवू नये.

कापड आणि गाद्या. बाहेरच्या कापडात रंग धाग्यातच मुरलेला हवा. बीट कुठेही कापलं तरी लाल असतं. लाल मुळा फक्त सालीपुरता लाल. धागा बनतानाच रंग मिसळलेलं ॲक्रिलिक हे बीट, आणि नुसतं छापील कापड हा मुळा. पाठ उलटून पाहिली की छापील कापड ओळखू येतं. गादीतला फोम मोठ्या छिद्रांचा, पाणी लगेच सोडणारा असावा. तसा मिळत नसेल तर गादी जूनमध्ये घरात.

दुकानातली पाच मिनिटं

पाण्याची छोटी बाटली सोबत न्या. विक्रेत्याची परवानगी घेऊन बैठकीवर थोडं ओता. पाणी कुठे जातं आणि कुठे थांबतं ते पाहा. जिथे थांबेल तिथूनच खुर्ची जाणार.

मग ती उलटी करा. नळ्यांची तोंडं बंद आहेत का, आणि असतील तर पाणी निघायला सर्वांत खाली भोक आहे का? वेल्डिंग सांध्याभोवती सलग फिरवलंय की दोन ठिपक्यांवर भागवलंय? खालच्या बाजूलाही तेवढाच रंग लागलाय का? लाकडाच्या दोन पट्ट्यांत फट आहे का? कडेला ढकलून पाहा; नवी असतानाच करकरली तर दोन वर्षांनी बोलू लागेल. पायाखालचे बुश बदलून मिळतात का, जाळी सैल झाली तर पुन्हा ताणून देतात का, हे विचारा.

शेवटी किंमत पावसाळ्यांनी भागा. चार हजारांची खुर्ची दोन पावसाळे टिकली तर पावसाळ्यामागे दोन हजार पडले. पंधरा हजारांची पंधरा टिकली तर एक हजार. महाग कोण, ते तुम्हीच ठरवा.

दुकानात मनासारखं मिळालं नाही तर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यायला हरकत नाही. नळीऐवजी सपाट पट्टी किंवा भरीव सळई सांगा. आत पोकळीच नाही, तर पाणी शिरणार कुठे? बैठकीच्या पट्ट्यांत बोटभर फट, मागे किंचित उतार, आणि रंगाच्या आधी जस्त. एवढं कागदावर लिहून द्या आणि पहिली खुर्ची बसून पाहिल्याशिवाय बाकीच्या करायला सांगू नका.

निगा

समुद्राजवळ राहत असाल तर सगळं सामान आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात पाऊस मीठ धुऊन नेतो. कोरड्या महिन्यांत ते साठत जातं. खरचटलेल्या रंगावर लगेच हात फिरवा, गंज पसरायची वाट पाहू नका. मेच्या अखेरीस सगळे नट-बोल्ट आवळा आणि भोकांत अडकलेला पाला, माती काडीने काढा. प्लास्टिकच्या कापडात खुर्ची गच्च गुंडाळून ठेवणं ही आपली आवडती चूक. आत घाम साठतो आणि उघड्यावर गंजली असती त्याहून लवकर गंजते. झाकायचंच तर खालून वारा खेळू द्या.

आमच्या गच्चीवर आता सपाट पट्ट्यांच्या दोन खुर्च्या आहेत, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरने केलेल्या. त्यांना पुरस्कार वगैरे मिळणार नाही, पण पाऊस थांबल्यावर एकदा फडकं मारलं की बसता येतं. जुन्या सेटमधली एक तीन पायांची खुर्ची मी टाकून दिली नाही. ती उलटी करून कुंडीत रोवली आहे, आणि यंदा तिच्या पायांवर दोडक्याचा वेल चढला आहे. मेव्हणे येतात तेव्हा आधी तिच्याकडे पाहतात आणि मग नव्या खुर्चीत जपून टेकतात.